बसवलेली रीडिंगं

माझा राग नाकाच्या शेंड्यावर असतो. जळगावच्या आमच्या कॉलेजात नव्यानं आलेल्या पोराला सीनियर पोरं आधी दोनच गोष्टी सांगतात: कॅन्टीनचा समोसा खाऊ नको आणि फिजिक्सच्या सरांच्या लॅबमध्ये उशिरा जाऊ नको. मी मूळचा धुळ्याकडचा, घरात अहिराणी बोलणारा माणूस. वर्गात मराठी, फळ्यावर इंग्रजी आणि डोकं फिरलं की सरळ अहिराणी, अशी माझी वाटणी आहे. पोरं माझ्या माघारी माझी नक्कल करतात, तेही मला ठाऊक आहे. करू देत. आमच्या लॅबचं नाव आहे आणि ते माझ्यामुळं आहे, असं मी या उन्हाळ्यापर्यंत छाती काढून सांगत होतो.

नाव कशाचं, तर रीडिंगचं. बी.एस्सी.ला आमच्याकडे बार पेंडुलम नावाचा प्रयोग असतो. भोकं पाडलेली एक लांब धातूची पट्टी भिंतीतल्या ब्रॅकेटला टांगायची, झुलवायची, स्टॉपवॉच लावून झोके मोजायचे आणि त्यावरून पृथ्वीचं गुरुत्वीय त्वरण काढायचं. पुस्तकात ते सेंटिमीटरमध्ये नऊशे ऐंशी दिलेलं असतं. आता मोजणारं पोरगं कोवळं, स्टॉपवॉच जुनं, डोक्यावर पंखा गरगरतोय. प्रत्येकाचं उत्तर थोडंफार वेगळं यायला हवं की नाही? आमच्याकडे येत नाही. सगळ्यांचं नऊशे ऐंशीच्या आसपासच येतं. कारण उत्तर आधी ठरवायचं, त्याला लागेल तेवढा वेळ उलटा काढायचा, मग एक दशांश इकडे, एक तिकडे करायचा, म्हणजे बघणाऱ्याला खरं वाटतं. याला आम्ही 'रीडिंग बसवणं' म्हणतो. मला माझ्या सरांनी बसवायला शिकवलं, मी पोरांना शिकवलं. यात कुणाला काही वावगं वाटत नाही, जसं भाजी घेताना कोथिंबीर फुकट मागण्यात वाटत नाही.

परीक्षेला बाहेरून परीक्षक येतो, तो एक्सटर्नल. धुळ्याचे सर आमच्याकडे, मी धुळ्याला. दुपारी भरीत आणि कळण्याची भाकरी, नाही तर शेवभाजी, आणि मग ढेकर देत देत सह्या. गंमत म्हणजे जळगावात खरं त्वरण नऊशे ऐंशी नाहीच. नऊशे अठ्ठ्याहत्तरच्या जवळपास आहे. हे मला माहीत, धुळ्याच्या सरांनाही माहीत. तरी ते दर वर्षी माझी पाठ थोपटायचे, "तुमच्या पोरांची रीडिंगं म्हणजे काय बोलावं, सर!" आणि मी फुगायचो.

जिच्यामुळं हे सांगतोय ती मुलगी दुसऱ्या वर्षाला असताना माझ्या नजरेत आली, तीही या पट्टीमुळंच. रावेरकडच्या एका गावातली, घरची केळी. शाळा मराठीत झालेली, त्यामुळं वर्गात कधी तोंड उघडायची नाही. पण लॅबमध्ये तिचा हात सुरेख चालायचा. त्या दिवशी ती कागद घेऊन टेबलाशी आली आणि म्हणाली, "सर, माझं नऊशे पंचवीस येतंय."

"मग चुकलीस. पुन्हा कर."

पुन्हा केलं. पुन्हा नऊशे वीस-पंचवीसच. तिसऱ्यांदा ती आली तेव्हा माझी सटकली. "अगं, पृथ्वी चुकली की तू चुकलीस? आडात नाही ते पोहऱ्यात कुठून येणार! त्रुटी ही करणाऱ्याच्या हातात असते. माझ्या लॅबमध्ये कुणाची चूक होत नाही, तुझीच कशी होते?" सगळी बॅच हसली. तिनं मान खाली घातली. मैत्रिणीनं तिला बाजूला नेलं आणि बसवायचं कसं ते दाखवलं. संध्याकाळपर्यंत तिचंही नऊशे ऐंशी आलं. मी 'व्हेरी गुड' लिहून सही ठोकली.

तिसऱ्या वर्षाला ती रविवारी माझ्या घरी यायला लागली. चार-पाच पोरं यायची. मी शिकवणी लावत नाही, पण ज्यांना पुढं शिकायचं आहे त्यांना रविवारी पुढच्या खोलीत घेऊन बसतो. तिला एम.एस्सी.पासून पीएच.डी.पर्यंत जोडून शिकवणाऱ्या एका मोठ्या संस्थेत जायचं होतं. आधी लेखी परीक्षा, मग मुलाखत. नाव घ्यायलाही पोरं घाबरतात अशी ती जागा. तिच्या वडिलांनी, म्हणजे तिच्या आबांनी, एकच संधी दिली होती. लागला नंबर तर जा, हॉस्टेलला राहा, आम्ही आडवे येणार नाही. नाही लागला तर मुक्ताईनगरला मावशीकडे राहून बी.एड., आणि तिथलं एक स्थळही मावशीच्या डोळ्यासमोर होतं. हे तिनं मला पहिल्याच रविवारी सांगून टाकलं. "एकदाच, सर. दुसऱ्यांदा आबा पाठवणार नाहीत."

मी झपाटलो. खोटं कशाला सांगू, तिच्यासाठी कमी आणि माझ्यासाठी जास्त. आमच्या कॉलेजातून तिथं कधी कुणी गेलेलं नव्हतं. बायको म्हणायची, "पोरीनं डोकं खाई टाकं तुम्ही!" पोरीचं डोकं खाल्लं म्हणे मी. पण मी ऐकतोय कुठं. बोल्ट्झमन झालं, श्रोडिंजर झालं, गणितं घासून घेतली. पोरगी भलतीच हुशार निघाली. लेखी परीक्षा पास झाली तेव्हा मी स्टाफरूममध्ये पेढे वाटले.

मग मुलाखतीची तयारी. इथं तर मी तज्ज्ञच! स्वतः आयुष्यात किती मुलाखती दिल्या आणि पडलो, त्याचा हिशेब नको. मी तिला खुर्चीत बसवायचो आणि समोरून प्रश्नांचा मारा करायचो. ती जरा थांबली की ओरडायचो, "थांबायचं नाही! एकदा सांगितलं ते सांगितलं. डळमळलीस की गेलीस. ते मुद्दाम हलवून बघतात. 'नक्की का?' विचारलं की 'हो, नक्की' म्हणायचं." ती एकदा म्हणाली, "आणि सर, खरंच नक्की नसलं तर?" मी म्हटलं, "नसलं तरी."

ती आबांबरोबर गेली, मुलाखत देऊन आली आणि दुसऱ्या दिवशी सकाळीच माझ्या दारात उभी. चेहऱ्यावरून काही कळेना. बायकोनं पाणी दिलं. मी अधीर झालेलो. "सांग, सांग, काय काय विचारलं?"

तिनं क्रमानं सांगितलं. सुरुवात छान झाली होती. क्वांटमचं गणित तिनं फळ्यावर सोडवलं, समोरचे माना डोलवत होते. मग त्यांच्यातल्या एकानं सहज विचारलं, लॅबमध्ये काय काय केलंस? ती म्हणाली, बार पेंडुलम. उत्तर किती आलं? नऊशे ऐंशी. प्लस-मायनस किती?

"मी म्हटलं, प्लस-मायनस नाही सर, नऊशे ऐंशीच."

मोजलेल्या आकड्याला थोडं कमी-जास्त धरावंच लागतं, हे मी तिला कधी सांगितलंच नव्हतं.

"मग ते म्हणाले, दर वेळी? मी म्हटलं, हो. सगळ्यांचं? मी म्हटलं, हो, आमच्या लॅबमध्ये सगळ्यांचं. तेव्हा ते दोघं-तिघं हसले. मला वाटलं खूश झाले. मग मी सांगितलं, आमचे सर म्हणतात, त्रुटी करणाऱ्याच्या हातात असते. आमच्या सरांच्या लॅबमध्ये चूक होत नाही."

हे ती अभिमानानं सांगत होती. माझ्यासाठी! मला खुर्चीत बसवेना.

"एक मॅडम होत्या सर, वयस्कर. त्या नव्हत्या हसल्या. त्यांनी एकदम हळू विचारलं, अगदी पहिल्यांदा केलंस ना, कुणी काही सांगायच्या आधी, तेव्हा किती आलं होतं? आठवतं का?" तिनं पाण्याचा पेला खाली ठेवला. "जिभेवर आलं होतं सर, नऊशे पंचवीस. मला ते अजून पाठ आहे. पण वाटलं, ह्या हलवून बघतायत. तुम्ही सांगितलं होतं ना, डळमळायचं नाही. मी म्हटलं, नऊशे ऐंशीच. त्यांनी परत विचारलं, नक्की? मी म्हटलं, हो, नक्की."

मग तिनं मला विचारलं, "बरोबर केलं ना, सर?"

त्या बाईंनी दार उघडून धरलं होतं. नऊशे पंचवीस म्हणाली असती, वर 'का आलं ते मला कळलं नाही' एवढं म्हणाली असती, तरी ती आत गेली असती. भौतिकशास्त्र त्या 'कळलं नाही'पासूनच तर सुरू होतं. हे मला त्या क्षणी लख्ख दिसलं आणि मी म्हणालो, "हो. बरोबर केलंस." बायको स्वयंपाकघराच्या दारातून माझ्याकडे बघत होती. तिला फिजिक्स कळत नाही, पण माझा आवाज कळतो.

निकाल लागला. तिचं नाव नव्हतं. प्रतीक्षायादीतही नव्हतं. तिनं फोनवर सांगितलं, आणि रडली नाही. "मीच कुठंतरी कमी पडले, सर," म्हणाली. "तुम्ही एवढं केलंत."

सुट्टी लागली होती. एके दुपारी मी लॅब उघडली आणि एकटाच ती पट्टी टांगून बसलो. शर्टाच्या बाह्या वर करून झोके मोजले. कितीतरी वर्षांत मी स्वतः हा प्रयोग केलेला नव्हता. करायचं कारणच नव्हतं, उत्तर माहीत होतं. नऊशे अठरा आलं. पुन्हा केलं, नऊशे सत्तावीस. घाम पुसला आणि ब्रॅकेटला हात लावला. तो भिंतीत हलत होता. पट्टीच्या प्रत्येक झोक्याबरोबर तोही चोरून झुलत होता, आणि म्हणून वेळ जास्त लागत होता. प्लॅस्टर कधीचं सुटलेलं, कुणास ठाऊक. आमच्यातल्या एका जरी माणसानं एकदा जरी उत्तर खरं लिहिलं असतं, तर दुसऱ्या दिवशी गवंडी बोलावून ते दुरुस्त झालं असतं. एकीनं लिहिलं होतं, आणि तिला मी सगळ्यांसमोर विचारलं होतं, पृथ्वी चुकली की तू?

मला इतकी लाज वाटली, की रिकाम्या लॅबमध्येही मी मान वर करीना. पोरांना गाढव म्हणताना कधी जीभ अडखळली नाही, आणि स्वतःला काय म्हणावं ते सुचेना. घरी येऊन बायकोला सगळं सांगितलं. मला वाटलं, ती म्हणेल, जाऊ द्या, सगळीकडे असंच चालतं. ती म्हणाली, "माले काय सांगतस? तिना बापले जाई सांगा."

गेलो. भुसावळ, सावदा करत एसटीनं रावेरला, तिथून रिक्षानं त्यांच्या गावाला. ऊन असं की बोलायला नको. रस्त्यालगतच त्यांची बाग, आणि बागेच्या तोंडाशी ट्रक उभा. केळीचे घड खांद्यावरून येत होते आणि पानांच्या थरावर रचले जात होते. मी रस्ताभर वाक्यं तयार करत होतो. चूक माझी आहे. पोरीची नाही. अजून एक वर्ष द्या. एवढीच तीन वाक्यं.

आबांनी मला लांबून ओळखलं. हातातलं काम टाकून धावतच आले. "सर! तुम्ही! अहो, निरोप पाठवायचा, मोटारसायकल घेऊन आलो असतो ना!" उंचपुरा, उन्हानं रापलेला माणूस, वयानं माझ्याएवढाच. डोक्याचा रुमाल सोडून त्यांनी खुर्ची पुसली. ट्रकवाल्याला ओरडून सांगितलं, "थांब रे जरा, पोरीचे सर आले, जळगावहून!" माल भरणारी माणसंही थांबली आणि माझ्याकडे आदरानं बघायला लागली. घर बागेला लागूनच होतं. ओसरीवर मला बसवलं. ती आतून पाण्याचा तांब्या घेऊन आली, आणि मला बघून खरंच आनंदली. ते बघून माझी उरलीसुरली वाक्यंही पळाली.

शेवटी बोललो. सगळं सांगितलं. रीडिंग बसवणं म्हणजे काय, ब्रॅकेट कसा हलतो, तिनं दुसऱ्या वर्षी खरं उत्तर आणलं तेव्हा मी काय बोललो, मुलाखतीत काय विचारलं आणि तिच्या जिभेवर काय आलं होतं, आणि ते कुणामुळं गिळलं. ती दाराला टेकून उभी होती. तिच्या तोंडाकडे बघायची माझी हिंमत नव्हती, पण ऐकता ऐकता तिचं टेकणं सुटलं आणि ती सरळ उभी राहिली, एवढं मला कडेनं दिसलं. "तर आबा, चूक पोरीची नाही, माझी आहे," मी म्हणालो. "तिला अजून एक वर्ष द्या. पुढच्या वर्षी ती शंभर टक्के लागेल."

आबांनी सगळं ऐकून घेतलं. मग त्यांचे डोळे भरून आले. मला वाटलं, आता हा माणूस मला दोन शब्द सुनावणार, आणि सुनावावेत असं मला मनापासून वाटत होतं.

त्यांनी हात जोडले. "सर, तुमच्या मनाचा मोठेपना पाह्यला आज. पोरगी तिथं जाऊन फेल झाली, तिचं खापर तुम्ही आपल्या डोक्यावर कायले फोडून घेता?"

"अहो, मोठेपणा नाही, खरंच..."

"मी काय शिकेल मानूस नई. पन एवढं समजते मले. एवढे मोठे सर, उन्हातान्हात एसटीनं येतात आन् एका पोरीसाठी खोटं बोलतात! गुरू कोनाले म्हनावं, तर याले." ओसरीखाली उभ्या असलेल्या माणसांकडे वळून ते म्हणाले, "आजकाल कोन करते असं?" माणसांनी माना हलवल्या. कोण करतं, भो!

मी पुन्हा सांगायला लागलो. माझा आवाज चढला. रागावून सांगितलं तर पटेल, अशी माझी जुनी समजूत. "आबा, मी सांगतोय ना, मी शिकवलं ते चुकीचं शिकवलं!" त्यावर ते हसले, प्रेमानं, लहान मुलाची समजूत काढावी तसे. "सर, तुमच्या हाताखाली इतकी पोरं पास झाली. ते सारे का चुकीचं शिकले? नई, नई. आता अजून एक वर्ष मागनं म्हंजे तुम्हाले अजून खाली पाह्यले लावनं. तिच्यापायी तुमच्यासारख्या मानसावर खोटं बोलायची पाळी आली, मलेच लाज वाटते. बी.एड.चा फॉर्म भरला तिचा. झालं ते झालं."

झालं. मी आलो नसतो तर कदाचित ते एखाद्या दिवशी विरघळले असते. पोरीच्या आईनं समजावलं असतं, पोरीनं हट्ट धरला असता. आता माझ्या मोठेपणाचं कुलूप लागलं.

तेवढ्यात ती बोलली. आवाज लहान होता, पण स्पष्ट होता. "आबा, सर खोटं नाही बोलत. ते खरंच सांगतायत. त्यांचंच चुकलं."

माझ्या तोंडावर, माझं चुकलं असं, इतक्या वर्षांत कुठल्याही विद्यार्थ्यानं म्हटलेलं नव्हतं. आणि मला सुटल्यासारखं वाटलं. आता तरी त्यांना पटेल, एवढंच माझ्या मनात आलं. ती माझ्याकडे बघत होती. आता तुम्ही फक्त 'हो' म्हणा, असं ते बघणं होतं.

आबा ताडकन उठले. "तोंड सांभाळ! कोनाशी बोलते तू? सर आपल्या दारात येऊन तुले पाठीशी घालतात आन् तू त्यांच्यावरच उलटते? आत जाय!" ती आत गेली. आबा माझ्यापुढे वाकले. पाया पडतात की काय, असं मला वाटलं. "माफ करा सर. पोरगी नाराज हाये, काय बोलते तिचं तिले समजत नई. माफ करा तिले."

मला 'ती बरोबर बोलली' एवढंच म्हणायचं होतं. समोर ते वाकलेले, खाली माणसं बघत उभी, आणि माझ्या तोंडून निघालं तेच, जे उद्धट पोरांचे बाप स्टाफरूममध्ये हात जोडून उभे राहिले की आजवर निघत आलं होतं.

"असू द्या," मी म्हणालो. "लहान आहे अजून."

दार उघडंच होतं. तिनं ऐकलं असणार.